दोरी कमी पडली

वन्सं,

आधी तक्रार सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखीचं वाटेल. तुमच्या तेराव्याचं जेवण मृणालने पंजाबी रेस्टॉरंटमधून मागवलं. छोले, पनीर आणि गुलाबजाम. ना वरणभात, ना खीर, ना वडे. माझा या कशावर विश्वास नाही हे तुम्हाला पस्तीस वर्षं माहीत आहे, तरी ते पनीर माझ्या घशाखाली उतरेना. तुमच्या फोटोकडे बघायची सोय नव्हती. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात, 'आता कशी?' असा चेहरा करून.

मृणाल आल्यागेल्याला चहा देत होती, 'थँक यू फॉर कमिंग' म्हणत होती, बुटांच्या जोड्या दाराशी सरळ लावत होती. रडली मात्र एकदाही नाही. पोटची तुमची असली, तरी कॉलेजची चार वर्षं ओटावाला आमच्या बेसमेंटमध्ये काढलेली मुलगी आहे ती. तिचा चेहरा मलाही वाचता येतो. काहीतरी अडकलेलं होतं आणि ते दुःखाच्याही आधी आत येऊन बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुमचा भाऊ ओटावाला परतला. मी मागे राहिले. तुमचं कपाट आवरताना लोकरीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली,

"मामी, मी हॅमिल्टनची ऑफर ॲक्सेप्ट करतेय. नेक्स्ट मंथ मूव्ह होईन."

"इथलं काय वाईट आहे? समुद्र आहे, नोकरी आहे, बर्फ नाही."

"इथे माझा ब्रिज आहे," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर ती त्या पुलावरून गेलेली नव्हती. ऑफिसला, ग्रोसरीला, तुम्हाला केमोला नेताना सुद्धा वरच्या हायवेवरून वळसा घालून जायची. तुम्ही मागच्या सीटवर पोटाशी उशी धरून बसलेल्या असायच्यात आणि हा लांबचा रस्ता का, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत म्हणे. ती म्हणाली, आईला कळलंच नसेल. मी मनात म्हटलं, कळलं होतं. तुम्ही ज्या गोष्टीबद्दल विचारायच्या नाहीत, ती तुम्हाला कळलेली असायची.

"मामी, तू तिथे होतीस," ती म्हणाली. "खरं सांग. वॉज शी गोइंग टू जम्प?"

असा प्रश्न कोणावर येऊ नये. मी म्हटलं, "दोरी कमी पडली, असं सांगितलं ना त्यांनी."

"दोरी कमी पडूच शकत नाही. माप मी दिलं होतं. माझ्याच ब्रिजची हाइट मला माहीत नाही? आई खोटं बोलली, मामी. आणि का बोलली तेही मला कळतंय."

खरं सांगायचं तर मलाही ते वर्षभर खोटंच वाटत होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेले, कराडच्या शिवणवर्गाच्या बाई, पुरणपोळीचा हात, वगैरे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला त्या सकाळबद्दल बोलायचं आहे. ती आपल्यात तशीच राहून गेली.

पूल सुरू झाला तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. कॅनडाच्या दीडशेव्या वर्षाचे झेंडे गावभर लागलेले, बंदरातल्या मासेमारीच्या बोटींवरसुद्धा. जुना लाकडी पूल काढून नदीच्या मुखाशी हा नवा पांढरा पूल उभा राहिला. तुम्ही फोनवर, देवळात, बसमध्ये शेजारी बसलेल्या चिनी बाईला, सगळ्यांना सांगत सुटलात की पूल माझ्या लेकीने बांधला.

"आई, आय डिड द रेलिंग," मृणाल कानकोंडी व्हायची. "फक्त कठडा आणि चालायचा पट्टा. टीममध्ये चाळीस लोक होते."

"मग? कठड्याशिवाय पूल म्हणजे काय? फळी."

सप्टेंबरात मी आले तेव्हा तुमच्या डोक्यात ओटी शिरलेली होती. नदीच्या अंगावर एवढे खांब रोवले, तिला विचारलं का कोणी? निदान तिची ओटी तरी भरायला हवी. मी म्हटलं, "वन्सं, ही नदी कृष्णा नव्हे. हिला फक्त सामन मासे माहीत आहेत." तुम्ही म्हणालात, "सामनला नारळ आवडत नाही असं तुला येऊन सांगितलं का कोणी?"

मग मी दुसरीकडून डिवचलं. म्हटलं, शास्त्राप्रमाणे ओटी सवाष्णीने भरायची असते. द्या इकडे, मी भरते. ज्या बाईने जन्मात कधी हळदीकुंकू केलं नाही ती हे बोलत होती, त्यामुळे तुम्हाला हसू आलं. पण ऐकलं नाहीत. "लेक माझी, कठडा तिचा, ओटी मीच भरणार. विधवेने भरली म्हणून नदीची तक्रार आली तर बघू." त्या वाक्याला मी मनातून नमस्कार केला होता. तोंडावर केला नाही. तुम्हाला लगेच चढलं असतं.

मृणालच्या अटी होत्या. प्लॅस्टिक नाही. बांगड्या नाहीत. कुंकवाची पुडी नाही. नारळाचं विचारलं तेव्हा तिने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "मी काहीच ऐकलेलं नाही. फाइन बसला तर मी तुम्हाला ओळखत नाही." खण नदीत टाकायचा म्हटल्यावर तुम्ही सुती निवडलात, हिरवा, लाल काठाचा.

आणि तुमची स्वतःची एक अट होती. ओटी फेकायची नाही. कराडला तुम्ही घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून, हाताने पाण्यावर ठेवायच्यात. इथे काठावर बोटींचे धक्के, त्यांना कुंपण, कुंपणाला कुलूप. म्हणजे ठेवायची तर पुलावरूनच. "पदरात घालतात त्याला ओटी म्हणतात," तुम्ही म्हणालात, "वरून फेकतात त्याला कचरा." म्हणून गाठोडं सुती दोऱ्याला बांधून अलगद खाली सोडायचं, पाण्याला टेकलं की दोरा सोडून द्यायचा, असा तुमचा बेत ठरला.

त्या रात्री जेवताना तुम्ही मृणालला विचारलंत, "कठड्यापासून पाणी किती खाली गं?" तिने लॅपटॉप उघडून ड्रॉइंग बघितलं, त्यात कठड्याची उंची मिळवली आणि आकडा सांगितला. तुमचा मीटरवर विश्वास नव्हता. टेप आणायला लावलीत. टीव्हीपासून वॉशरूमच्या दारापर्यंत आणि परत असा दोरा तिपेडी करून मोजलात, आणि वर दोन हात जास्त घेतलात. चाळीस वर्षं पोरींना कापड बेतायला शिकवलेली बाई. मापाला माप कापणार नाहीच. मृणालने हे सगळं सोफ्यावर बसून बघितलं. म्हणूनच तर तिला आता वाटतं, दोरी कमी पडूच शकत नाही.

दिवस तुम्हीच काढलात. भाद्रपदातली पौर्णिमा. सकाळी उजाडताच, कोणी नसताना. मृणाल साइटवर गेली होती. साडीवर कोट आणि पायात तिने घेऊन दिलेले पांढरे स्नीकर्स अशा तुम्ही पुलाच्या मध्यावर थांबलात आणि मला वीसेक पावलं पुढे उभं केलंत.

"कोणी आलं की खोक."

"वन्सं, आपण बँक लुटतोय का?"

"फाइन तू भरणार आहेस? मग खोक."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. थंडी होती. बंदराकडून सीलचं ओरडणं ऐकू येत होतं. कोणी येत नव्हतं. अर्थात मी ज्या बाजूला बघत होते त्या बाजूने येत नव्हतं. सायकलवाला दुसरीकडून आला. मी त्याची आरोळी ऐकली आणि वळले.

तुमचं पोट कठड्यावर, डोकं पलीकडे, आणि दोन्ही पांढरे बूट हवेत.

तेवढंच बघितलं मी. पाणी बघितलं नाही, दोरा बघितला नाही. ते बूट अजून दिसतात. त्या माणसाने सायकल तशीच टाकली, तुमच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. दोघंही पट्ट्यावर आपटलात. तुम्ही त्याला "मेल्या, सोड!" म्हणून चापट्या मारत होतात आणि तो "आय गॉट यू, आय गॉट यू," म्हणत तुम्हाला घट्ट धरून रडत होता. एवढा दाढीवाला धिप्पाड माणूस. त्याच्या आयुष्यात पुलावरचं काय घडून गेलं होतं कोणास ठाऊक.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते हे: "अगं, दोरी कमी पडली. यानं ओढलं आणि हातातून सुटली. शेवटी ओटी फेकलीच गेली!"

सायकलवाल्याच्या फोनवरून पोलीसबाई आली ती तिशीची सुद्धा नसेल. तिने स्वतःचं जाकीट काढून तुमच्या खांद्यावर घातलं आणि तुमच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली. मी तिला माझ्या इंग्रजीत ओटी समजावत होते. नदी, नारळ, तांदूळ, सन्मान. ती मान डोलवत होती, पण बघत तुमच्याकडे होती. मग तिने शांतपणे विचारलं,

"मॅम, आर यू थिंकिंग ऑफ एंडिंग युअर लाइफ टुडे?"

आपल्याकडे असं कोणी तोंडावर विचारत नाही. आपण विचारतो जेवलीस का, झोप लागते का, चेहरा का उतरलाय. आणि बाकीचं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. मला वाटलं, आता तुम्ही तिची हजेरी घेणार. पण नाही. कठड्याच्या फटीतून खाली बघितलंत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण माझं नारळ-तांदळाचं समजावणं मध्येच थांबलं एवढा वेळ. मग तिच्याकडे बघून म्हणालात,

"टुडे? नो."

मी हसले. मला तो तुमचा नेहमीचा तिरकसपणा वाटला. पोलीसबाई हसली नाही. तिने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि तुम्हाला तपासायला हॉस्पिटलात नेलं. मृणाल हेल्मेट आणि नारिंगी जाकिटासकट धावत आली. परतताना गाडीत तुम्ही सारखं एकच, ओटी फेकली गेली, ओटी फेकली गेली. मृणालने आरशातून तुमच्याकडे एकदा बघितलं आणि हायवेला गाडी घेतली. वळसा त्या दिवसापासून सुरू झाला.

हेही जिरलं असतं. घरात वर्षभर चेष्टेला पुरलं असतं. पण तीनच दिवसांनी क्लिनिकचा फोन आला. ट्रीटमेंटचं काय ठरवलंत म्हणून. घरातला फोन मृणालने उचलला. कसली ट्रीटमेंट? तेव्हा कळलं की रिपोर्ट तुम्हाला पंधरा दिवसांपूर्वीच मिळाला होता. स्वादुपिंड. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं आणि तुम्ही बसने घरी येऊन भाजणीच्या चकल्या केल्या होत्यात. मला ओटावाला पाठवल्या होत्यात त्यातल्या. खुसखुशीत झाल्या होत्या.

मग ज्याने त्याने मनात हिशेब जुळवला. रिपोर्ट, मग पूल, मग हवेतले बूट, मग 'टुडे? नो.' तुमच्या भावाने जुळवला, मी जुळवला, आणि ज्या मुलीने तो कठडा आखला होता तिने तर जुळवलाच. तिने मला आत्ता सांगितलं, त्या आठवड्यात ती टेप घेऊन पुलावर गेली होती, कठड्याची उंची मोजायला. नियमाप्रमाणे होती. ती म्हणाली, "नियमापेक्षा थोडा उंच करूया, असं मी एका मीटिंगमध्ये म्हटलं होतं, मामी. मी जोर धरायला हवा होता." एवढं ओझं घेऊन ती तुमच्या उलट्यांची भांडी धूत होती, गोळ्या देत होती, वळसा घालत होती. आणि तुम्ही दोघी एकमेकींना जेवलीस का, झोपलीस का, असं विचारत होतात. मला तुमचा राग येतो, वन्सं. तुम्ही गेलात म्हणून येणारं रडं एका डोळ्यात आणि हा राग दुसऱ्यात.

मी विचारणार होते. तुमच्या शेवटच्या आठवड्यात, मृणाल कॉफी आणायला गेली होती तेव्हा, मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी पुलावर..." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "शुभा, ती ओटी एकदा नीट भरायला हवी गं." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत आहात. मी 'हो हो' म्हटलं. मरणाऱ्या माणसाला सगळेच हो म्हणतात.

तर त्या दुपारी, लोकरीची टोपली मांडीवर आणि मृणाल दारात, मला ते वाक्य आठवलं. मी म्हटलं, "चल. उद्या सकाळी मला पुलावर ने."

"नो वे."

"मला एकदा वाकून बघायचंय. माझी उंची त्यांच्याएवढीच आहे. दोरा तेवढाच घेऊ, तुझ्याच मापाचा."

"मामी, आर यू क्रेझी? तू त्या रेलिंगवरून वाकणार आणि मी बघत राहणार?"

"तू नाही आलीस तर टॅक्सी करते."

"तुला एकटीला मी त्या रेलिंगजवळ जाऊ देणार नाही," ती म्हणाली, आणि तिथेच फसली.

माप तिला लॅपटॉप न उघडता येत होतं. वर्षभर तोंडपाठ करून ठेवलेलं असावं. आम्ही टीव्हीपासून वॉशरूमच्या दारापर्यंत आणि परत असा तुमचाच दोरा तिपेडी केला, वर दोन हात घेतले. तसाच आणखी एक हिरवा खण तुमच्या ट्रंकेत निघाला. नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. गाठोडं बांधताना माझा हात चुकला तेव्हा मृणालने माझ्याकडून घेऊन बरोबर बांधलं. बघून बघून शिकली असणार.

सकाळी तिने गाडी पुलाच्या अलीकडे उभी केली. इंजिन बंद केलं तरी हात स्टिअरिंगवरच. मी दार उघडून उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती उतरली आणि माझ्यामागून चालू लागली, पुलाच्या कठड्यापासून जमेल तेवढं अंतर ठेवून, जवळजवळ सायकलच्या पट्ट्यातून. स्वतःच्या कामाकडे तिने वर्षभरात पहिल्यांदा बघितलं असेल. चांगला आहे कठडा. हात ठेवायला लाकडाची पट्टी आहे, थंडीत गार लागत नाही. हे तुम्ही मला सांगितलं होतंत, मी लक्ष दिलं नव्हतं.

मध्यावर आलो. मृणालने माझ्या कोटाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय फाकून उभी राहिली. मी गाठोडं कठड्यापलीकडे नेलं आणि दोरा सोडायला लागले. खोटं कशाला सांगू, मी त्या क्षणी घाबरले होते ते पडण्याला नाही. दोरा पुरला तर काय, याला घाबरले होते. गाठोडं सुखाने पाण्याला टेकलं असतं, तर मग तुमचे बूट हवेत जायचं कारणच उरलं नसतं. हॅमिल्टनला ती मुलगी ते ओझं घेऊन गेली असती, आणि नेऊन सोडणारी मीच.

दोरा सरत आला. हातात शेवटची गाठ आली. गाठोडं खाली हेलकावे खात होतं आणि पाणी त्याच्याही खाली होतं. फार नाही. आणखी जरासं वाकलं की टेकेल, असं वाटावं इतपत. मी जरासं वाकले. आणखी जरासं. माझ्या टाचा उचलल्या गेल्या.

"मामी!" ती किंचाळली आणि पट्टा ओढला.

"अगं थांब, टेकतच आलंय! पाणीच खाली गेलंय जरा." मग मी खरोखर खाली बघितलं. दोन्ही काठांना दगड उघडे पडले होते, हिरवं शेवाळ, शिंपले. सीगल जिथे चालत होते तिथे मी आदल्या संध्याकाळी तुमच्या घराच्या खिडकीतून नदी बघितली होती. ओटावाच्या बाईला नदी म्हणजे एक तर वाहणारी माहीत, नाहीतर गोठलेली. मी विचारलं, "मृणाल, इथलं पाणी कुठे गेलं गं?"

माझा पट्टा एका हातात धरून ती कठड्यापाशी आली आणि वाकून बघितलं. पुलाच्या खांबावर काळी ओली रेघ होती, पाण्यापासून चांगली पुरुषभर वर.

"टाइड," ती म्हणाली. मग हळूच, "ओ गॉड. मी हाय वॉटरचं दिलं."

"म्हणजे?"

"ड्रॉइंगवर असतो ना आकडा, तो हाय टाइडचा असतो. बोटींसाठी. भरतीला सुद्धा एवढी जागा मिळणारच, असा. कमीत कमी. आईने विचारलं पाणी किती खाली, आणि मी... मी तोच वाचून दाखवला." तिने फोन काढला. त्या दिवसाची तारीख तिला आठवावी लागली नाही. बोट काचेवर घसरत होतं, पान उघडत नव्हतं. मी कठड्यावर दोरा धरून उभी, खाली नारळ झुलतोय, वर ओढायचं सुचत नाही. एक जॉगिंग करणारी बाई थांबून "यू गाइज ओके?" म्हणाली. मृणालने मान वर न करता हात दाखवला, थांब म्हणून. तीही बिचारी थांबली.

"लो," मृणाल म्हणाली. "त्या सकाळी, त्याच वेळेला. आजच्याएवढंच लो."

पौर्णिमा काढली होतीत ना तुम्ही? पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण जेवढं उधाण तेवढीच ओहोटी, आणि ती इथे नदीत शिरून पार पुलाखालपर्यंत येते, हे कराडच्या बाईला कोण सांगणार? ऐन पौर्णिमेला, ऐन सकाळी, इंजिनिअर लेकीच्या मापाने कापलेला दोरा घेऊन तुम्ही उभ्या राहिलात आणि पाणीच खाली निघून गेलेलं. तुमच्या त्या दोन जास्तीच्या हातांनी जवळजवळ निभावलं होतं. जराशासाठी वाकलात. फेकायची नव्हती म्हणून वाकलात. (मी तिथी बघितली नव्हती. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर अमावस्या. तुम्ही मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.)

"शी वॉज नॉट लाइंग," मृणाल म्हणाली, आणि मग ती रडली, वन्सं. हसत हसत रडली, कठड्यावर दोन्ही हात ठेवून. जॉगिंगवाल्या बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही न विचारता निघून गेली.

शांत झाल्यावर तिने विचारलंच. "मग 'टुडे? नो' का म्हणाली?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "तुझी आई विचारलं तेवढ्याचंच उत्तर देणारी बाई होती. बाकीच्या दिवसांबद्दल तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. ते ती कोणाला सांगणार नव्हती. पण त्या दिवशी ती ओटी भरत होती."

ते बाकीचे दिवस तुमचे तुमच्याजवळ. मी आता विचारत नाही. एवढंच म्हणते की चकल्या तळताना मला फोन केला असतात तर मी काही फार हुशारीचं बोलले नसते, पण फोन ठेवलाही नसता. हे तुम्हाला माहीत होतं असं धरून चालते. आणि त्या पोलीसबाईचे आभार मानायचे राहिले तेही इथेच मानते. आमच्यातल्या कोणालाच वर्षभर जमलं नाही ते तिने उकिडवं बसून एका वाक्यात विचारलं होतं.

हॅमिल्टनला मृणाल जाईल की नाही, मला माहीत नाही. गेलीच तर आता जास्त पगारासाठी जाईल. तेवढं चालेल मला.

पिशवीत सुती दोऱ्याचा उरलेला गुंडा होता. मृणालने माझ्या हातातलं टोक घेतलं, त्याला गुंड्याचं टोक जोडून गाठ मारली, ओढून बघितली, आणि दोन्ही हात कठड्यापलीकडे नेऊन हळूहळू सोडायला लागली. घाई केली नाही. दोरा सैल पडला तेव्हा म्हणाली, "टेकली." आणि मग बोटं उघडली.

गाठोडं कसं गेलं ते मी बघितलं नाही. मी तिच्या पायांकडे बघत होते. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या, वन्सं.